वोरेलची गाडीवाट

ओनोरीन पिजलीला काहीही विचारलं तरी ती "असेलही, नसेलही" म्हणायची. दुपारी पाऊस येईल का, टोपलीतले तिसऱ्यांचे शिंपले आजचेच ना, रविवारी केक आणणार का, सगळ्याला हेच उत्तर. इंग्लंडातल्या स्टोकहेडच्या बायकांना सुरुवातीला ती शिष्ट वाटली, नंतर थोडी बावळट वाटली आणि वीस-पंचवीस वर्षांनी तिची सवय झाली. तिच्या टोपलीतल्या तिसऱ्यांत वाळूचा कण कधी सापडला नाही, म्हणून बाकीचं सगळं माफ होतं.

ती मूळची फ्रान्सची, नॉर्मंडीतल्या वोरेलची. समुद्राकाठचं तीस-चाळीस घरांचं गाव. तिथे सरळ हो किंवा नाही म्हणणाऱ्या माणसाला लोक उतावळा समजतात. करवसुलीचा माणूस दारात आला, जमिनीच्या हद्दीचा वाद निघाला, मुलीला मागणी आली, तरी वोरेलचा माणूस आधी आकाशाकडे पाहतो, मग आपल्या लाकडी बुटांकडे, आणि म्हणतो, असेलही, नसेलही. त्यानंतर सफरचंदाची दारू येते आणि खरं बोलणं सुरू होतं. पहिल्या महायुद्धात जखमी घोड्यांच्या छावणीवर नालबंद म्हणून आलेल्या वॉल्टर पिजलीने तिला लग्नाचं विचारलं तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं. बिचारा तीन आठवडे जेवला नाही. शेवटी तिची मोठी बहीण लेओन्तीन छावणीवर जाऊन त्याला म्हणाली, "अहो, ती हो म्हणाली. तुम्ही इंग्रज लोक बहिरे आहात का?"

एकोणीसशे एकोणीस साली लग्न करून ओनोरीन डेव्हनला, स्टोकहेडला आली. वॉल्टरचं लोहारकाम होतं. ती खाडीत उतरून तिसऱ्या गोळा करायची. मूलबाळ झालं नाही. दर दोन-तीन वर्षांनी दोघं वोरेलला जात. एकोणीसशे सव्वीसच्या उन्हाळ्यात वॉल्टरच्या चुलत भावाने तिथे त्याचा एक फोटो काढला. पॅन्ट मांड्यांपर्यंत दुमडलेली, हातात कोळंबीचं जाळं, गुडघाभर पाण्यात उभा आणि चेहऱ्यावर मासे आपणच निर्माण केल्यासारखा भाव. त्याच्या मागे ओहोटीला परतणाऱ्या तीन दोनचाकी घोडागाड्या, एकामागोमाग एक. तो फोटो चुलीवरच्या फळीवर घड्याळाशेजारी असायचा.

मग दुसरं युद्ध आलं. फ्रान्स जर्मनांच्या हाती गेला आणि वोरेलची पत्रं बंद झाली. रेडक्रॉसमार्फत चार-सहा महिन्यांनी एक कागद यायचा, त्यावर पंचवीसच शब्द लिहायला परवानगी. लेओन्तीनला पंचवीस शब्दही जास्त व्हायचे. एकदा तिने आठ शब्दांत उरकलं होतं. गाय बरी, खोकला बरा, सफरचंदं मध्यम. तुझी लेओन्तीन.

बेचाळीसच्या वसंतात रेडिओवरून एक विनंती झाली. नॉर्वेपासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंतच्या किनाऱ्यांचे कुणाकडे सहलीचे फोटो असतील, पोस्टकार्डं असतील, तर ती सरकारकडे पाठवावीत. वॉल्टरने फळीकडे पाहिलं. ओनोरीन म्हणाली, तो फोटो द्यायचा नाही, वोरेलचा तेवढाच एक आहे. वॉल्टर म्हणाला, "अगं, मी सबंध इथे बसलोय. मला बघत जा."

"तुला कोण बघतंय? मागच्या गाड्या बघते मी," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी फोटो पाकिटात घातला. एक छापील पोच आली आणि त्यानंतर दीड वर्ष काहीच आलं नाही.

त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात तिला ऑक्सफर्डला बोलावणं आलं. सोबत रेल्वेचा पास होता आणि कारण काही दिलेलं नव्हतं. तिने ठेवणीतली टोपी काढली. वॉल्टर तिला स्टेशनवर सोडायला आला आणि गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "हे बघ, तिथे मोठे साहेब असतील. त्यांच्यापुढे तुमचं ते असेलही-नसेलही चालवू नकोस. हो तर हो, नाही तर नाही. सरळ बोल."

तिने ते मनावर घेतलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ऑक्सफर्डला एका जुन्या कॉलेजातल्या लांबलचक खोलीत पुस्तकांऐवजी फोटोंची खोकी होती. छतापर्यंत. लोकांच्या सहली, मधुचंद्र, वाळूचे किल्ले, ओल्या कपड्यांतल्या मावश्या. दहा-बारा मुली त्यांची छाननी करत होत्या आणि प्रत्येकीपुढे सूक्ष्मदर्शक भिंग होतं. हसऱ्या चेहऱ्यांकडे कुणी पाहत नव्हतं. सगळ्या मागे काय दिसतं ते पाहत होत्या, भिंत किती उंच, रस्ता कुठे निघतो, खडक कुठे आहेत. मिस ॲव्हरिल नावाच्या एका उंच, शाईने बोटं माखलेल्या मुलीने तिला आत नेलं.

आत कॅप्टन रिडाउट होते. अंगावर लष्करी गणवेश, पण टाय वाकडा आणि खिशातून दगड फोडायची हातोडी डोकावणारी. युद्धाआधी ते विद्यार्थ्यांना भूगर्भशास्त्र शिकवत. त्यांनी आधी तिच्याकडून एका कागदावर सही घेतली. इथे जे बोलणं होईल ते नवऱ्यालाही सांगायचं नाही. मग तिच्यापुढे अकरा किनाऱ्यांचे फोटो मांडले, म्हणजे त्यांना नेमका कुठला हवाय ते तिला कळू नये. तिला तीनच ओळखता आले. त्यातला एक वॉल्टरचा होता.

पहिलाच प्रश्न असा आला की ती टोपी सावरत बसली.

"मिसेस पिजली, तुमच्या यजमानांचा गुडघा जमिनीपासून किती उंच आहे?"

तिने सांगितलं की तसं कधी मोजलेलं नाही. त्यावर त्यांनी अगदी गंभीरपणे तिला घरी जाऊन मोजायला आणि आकडा कळवायला सांगितलं. फोटो कुठल्या दिवशी, किती वाजता काढला तेही विचारलं. हे मात्र तिला पाठ होतं. पंधरा ऑगस्ट, मारियामातेचा सण, चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे समुद्रावर गेले होते, म्हणजे साडेअकरा. त्या तारखेची भरती-ओहोटी कोष्टकात सापडते, पाणी गुडघ्याला कुठे लागलंय ते फोटोत दिसतं. म्हणजे तिथला तळ किती उतरता आहे आणि बोट किती आत येऊन टेकेल, हे वॉल्टरच्या पायावरून काढता येतं. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. पण ती समुद्रकाठची बाई. तिला कळलं.

"आणि वाळू? घट्ट आहे का? जड गाडी जाईल तिच्यावरून?"

ओनोरीनने सवयीने खिडकीतून आकाशाकडे पाहिलं. मग वॉल्टरचे शब्द आठवले. ती ताठ बसली आणि म्हणाली, "हो. घट्ट आहे. ओलं शेवाळ गळ्यापर्यंत भरलेली गाडी जाते आमच्याकडे. रोज जाते."

मिस ॲव्हरिलने ते कार्डावर लिहून घेतलं. चहा झाला. संध्याकाळच्या गाडीने ओनोरीन घरी आली ती स्वतःवरच खूश होऊन. आयुष्यात पहिल्यांदा तिने एका वाक्यात उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने शिंपिणीकडून फीत आणली आणि वॉल्टरला उभं केलं. तो म्हणाला की माझ्या गुडघ्याशी सरकारला काय करायचंय. ती म्हणाली, असेलही, नसेलही. तो म्हणाला की हे त्या प्रश्नाचं उत्तरच नाही. पण उभा राहिला. टाचेपासून वाटीच्या मध्यापर्यंत वीस इंच. तिने दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा तो हसत होता.

चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत स्टोकहेडच्या खालच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैनिकांची कवायत सुरू झाली. किनारा तारा लावून बंद केला होता, पण वरच्या चढावरून सगळं दिसायचं. गावातली निम्मी माणसं तिथे काही ना काही निमित्त काढून उभी असत. ओनोरीनच्या हातात टोपली होती. चपट्या नाकाच्या बोटी किनाऱ्याला टेकल्या, त्यांचं तोंड उघडून खाली पडलं आणि आतून ट्रक निघाले. पट्टीने रेघ मारावी तसे ते सरळ वर आले. एकामागून एक, नऊ ट्रक, थेट वाळूवरून रस्त्याला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ओनोरीनने टोपली खाली ठेवली.

वोरेलला कुणीही समुद्राकडे सरळ जात नाही. तिथे वाळूखाली हातभर खोल निळी चिकणमाती आहे, लोण्यासारखी. घट्ट पट्टा एकच, दोन गाड्या जेमतेम शेजारून जातील एवढा रुंद, आणि तो किनाऱ्याला तिरपा आहे. परतताना नजर ठेवायची ती दोन खुणांवर. पुढे लेओन्तीनचं घर, त्याच्या मागे चर्चचा मनोरा. घराच्या उत्तरेकडच्या धुराड्यावर मनोरा टोपीसारखा बसला की तुम्ही वाटेवर आहात. मनोरा धुराड्यावरून घसरला की थांबायचं. हे वोरेलच्या पोरांना चालायला शिकतानाच कळतं, घोड्यांना तर त्याआधी. गावात वाळू म्हणतात ती तेवढ्याच पट्ट्याला. बाकीचं ते "समुद्राचं". म्हणून साहेबांनी वाळू घट्ट आहे का विचारलं तेव्हा तिने तिच्या वाळूबद्दल सांगितलं. खोटं बोलली नव्हती. बाकीच्या जागेवरून कुणी गाडी नेईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिला तिच्या आठव्या वर्षीचा एक दिवस आठवला. आतल्या गावातून शेताला खत म्हणून शेवाळ विकत घ्यायला एक परका माणूस आला होता. नवी गाडी, दोन तगडे घोडे. त्याने सरळ वाट धरली. गावकरी ओरडत धावले. माणसाला फळ्या टाकून ओढून काढलं. घोड्यांना काढता आलं नाही. भरती येत होती. ओनोरीनच्या वडिलांनी तिचे कान दोन्ही हातांनी झाकून धरले होते, तरी तिला ऐकू आलं होतं.

आता तिथे ट्रक जाणार होते. ट्रकांत ही समोरची, शिट्ट्या वाजवणारी, च्युइंगम चघळणारी पोरं असणार होती. आणि मिस ॲव्हरिलच्या कार्डावर तिच्या तोंडचा शब्द होता, घट्ट.

मग लगेच ऑक्सफर्डला जाऊन चूक सुधारायची, एवढंच. पण ओनोरीन चार दिवस गेली नाही. त्याचं कारण ते धुराडं होतं. वाट सांगायची म्हणजे लेओन्तीनच्या घराकडे बोट दाखवायचं. या रेषेने या, सगळे इथूनच या, असं म्हणायचं. इंग्रजांचं, अमेरिकनांचं अख्खं सैन्य बहिणीच्या अंगणात उतरवायचं. आधी विमानं येतात, मग जहाजांवरच्या तोफा, मग माणसं, हे एव्हाना पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत होतं. न सांगितलं तर कदाचित सैन्य वोरेलला येणारच नाही. अकरा किनारे होते. लेओन्तीन खोकत, गाय सांभाळत सुखरूप राहील. तिच्याखेरीज त्या चिखलाबद्दल इंग्लंडात कुणाला ठाऊक होतं? तिला कुणी कधी दोष दिला नसता.

त्या चार दिवसांत तिने तिसऱ्या नीट धुतल्या नाहीत. शेजारच्या मिसेस ट्रूडच्या दाताखाली वाळू आली आणि ते सगळ्या गावाला कळलं. वॉल्टरने विचारलं की तुला बरं नाही का. ती चुलीतली राख काढत राहिली. चौथ्या दिवशी ती वरच्या चढावर गेली. कवायत संपून पोरं रस्त्याकडेला डबे उघडून खात बसली होती. एकाने तिच्या टोपलीत डोकावून विचारलं, "आई, हे असंच कच्चं खायचं असतं का?" तिने त्याला लिंबू नसताना तिसरी कशी खायची ते दाखवलं. त्याने तोंड वाकडं केलं, मग आणखी एक मागितली. त्याच्या बुटांना वाळू चिकटली होती, कोरडी, पिवळी, भरवशाची डेव्हनची वाळू.

घरी येऊन तिने ठेवणीतली टोपी काढली. वॉल्टरने विचारलं, "ऑक्सफर्डला चाललीस?"

"असेलही, नसेलही."

त्याने भात्याजवळचा कोट उचलला आणि तिला स्टेशनवर सोडायला निघाला. या वेळी खिडकीशी येऊन त्याने कसलाही सल्ला दिला नाही.

बोलावणं नव्हतं, म्हणून दारवानाने तिला आत सोडलं नाही. ती बाहेरच्या दगडी बाकावर टोपली मांडीवर घेऊन पाच तास बसली. टोपली का आणली होती ते तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी मिस ॲव्हरिल सँडविच खायला बाहेर आली आणि तिने ओळखलं.

कॅप्टन रिडाउटांपुढे ओनोरीन बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, "साहेब, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. घट्ट आहे ती फक्त गाडीवाट. बाकी सगळा चिखल आहे."

त्यांनी चेहरा दगडासारखा ठेवला. तुम्ही कुठल्या किनाऱ्याबद्दल बोलताय, आम्ही अकरा दाखवले होते, असं म्हणाले. ती म्हणाली की तुम्हाला कुठला हवाय ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही, पण वोरेलचा हवा असेल तर असा आहे. मग तिने वॉल्टरचा फोटो मागवला. बाजूने काढलेला असल्यामुळे त्यात वाट तिरपी आहे हे दिसतच नव्हतं. तिने टोपलीच्या कडेचा दोरा तोडला. टेबलावर एक दौत ठेवली, ते घर. मागे पुस्तकांची चवड रचली, तो मनोरा. दोरा त्यांच्या रेषेत धरून टेबलाच्या कडेपर्यंत तिरपा ओढला आणि त्यावर बोटं चालवत आणली.

"आणि मनोराच नसला तर?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

तिने पुस्तकांच्या चवडीकडे पाहिलं. मनोरा नसेल, म्हणजे कुणीतरी तो पाडलेला असेल. मग म्हणाली की धुकं असलं की मनोरा दिसत नाही, तेव्हा आम्ही वाळूकडे बघतो. ओहोटीनंतर चिखलावरची वाळू आरशासारखी चमकत राहते, तासभर सुकत नाही. वाटेवरची आधी सुकते, फिकी पडते. चमकतं तिथे पाय ठेवायचा नाही, असं आमच्या आया सांगतात.

कॅप्टन रिडाउट उठले. त्यांनी कपाटातून विमानातून काढलेले फोटो काढले, ते तिला दाखवायची परवानगी होती की नाही कुणास ठाऊक, आणि टेबलावर पसरून त्यावर वाकले. करड्या वाळूवर कुठे गडद डाग होते, आणि त्यांच्यामधून एक फिकी, तिरपी रेघ. ती रेघ आतापर्यंत त्यांना छपाईतला दोष वाटली होती. ते मिस ॲव्हरिलला म्हणाले की सगळी खोकी पुन्हा काढा, सगळ्या किनाऱ्यांची, जिथे जिथे ओहोटीचे फोटो आहेत तिथली. मिस ॲव्हरिलने सँडविच तिथेच ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, "हे पुढचं घर कुणाचं आहे?"

"माझ्या बहिणीचं. एकटी असते. घराखाली दारूच्या पिंपांचं तळघर आहे." मग तिने विचारलं, "साहेब, त्या घराला काही होईल का?"

कॅप्टन रिडाउटांनी खिडकीतून आकाशाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. म्हणाले, "मला हो म्हणता येत नाही, मिसेस पिजली. आणि नाहीही म्हणता येत नाही."

"आमच्याकडे यालाच उत्तर म्हणतात," ओनोरीन म्हणाली, आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

एप्रिलपासून किनाऱ्यालगतचा सगळा मुलूख बाहेरच्यांना बंद झाला. रस्त्यांच्या कडेने झाडांखाली ट्रक लपवून ठेवले होते. जूनच्या सुरुवातीला एके सकाळी स्टोकहेडला जाग आली तेव्हा ते ट्रक नव्हते, ती पोरंही नव्हती. मंगळवारी, सहा तारखेला, रेडिओवर बातमी आली. वॉल्टर भात्यापाशी उभा राहून ऐकत होता. नॉर्मंडी एवढंच म्हणाले, गावांची नावं नव्हती. ओनोरीनने बातमी पूर्ण ऐकली, मग टोपली घेऊन खाडीवर गेली, कारण ओहोटी दहाला होती आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी तिने तिसऱ्या सात पाण्यांतून धुतल्या.

जून गेला, जुलै गेला. तिने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या, पण काय मागायचं ते तिला ठरवता येईना. बहीण मागावी तर त्या बिनलिंबाची तिसरी खाणाऱ्या पोराचं काय, आणि पोरं मागावीत तर बहिणीचं. शेवटी तिने लहानपणी धर्म शिकवणाऱ्या सिस्टर आन्येसचं ऐकलं. त्या म्हणत, देवाला यादी देऊ नये, नुसतं समोर बसावं. ती बसायची. वॉल्टर चर्चला न जाणारा माणूस, तोही दाराशी येऊन टोपी हातात घेऊन उभा राहायचा.

ऑक्टोबरात पत्र आलं. साधं पत्र, हवे तेवढे शब्द लिहायची मुभा असलेलं. लेओन्तीनने तीन ओळी लिहिल्या होत्या.

"छप्पर गेलं. मी तळघरात होते, गायही. गाड्या आपल्या वाटेने आल्या, तासन् तास, एकही रुतली नाही. खोकला बरा."

ओनोरीनने पत्र वॉल्टरला दिलं. त्याला फ्रेंच वाचता यायचं नाही, तरी त्याने ते नीट पाहिलं आणि घड्याळाशेजारी, फोटोच्या रिकाम्या जागी उभं केलं.

सेहेचाळीसच्या मे महिन्यात दोघं वोरेलला गेली. लेओन्तीनच्या घरावर नवी लाल कौलं चढली होती, शेजारची तीन घरं अजून ताडपत्रीखाली होती. चर्चच्या मनोऱ्याचा कमरेएवढा बुंधा उरला होता. किनाऱ्यावरचे सुरुंग काढून झाले होते, पण तिसऱ्यांना अजून कुणी गेलं नव्हतं, कारण मनोऱ्याशिवाय जायचं कसं? धुकं नसताना वाळूकडे बघून जाणं गावाला कमीपणाचं वाटत होतं. दोन म्हाताऱ्यांचं तर त्यावरून भांडण चालू होतं.

काळ्या पिठाची धिरडी आणि दारू पुढे आल्यावर लेओन्तीन म्हणाली, "जर्मन साहेब आला होता. सैन्य उतरलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. गाड्या येतील अशी घट्ट वाळू कुठे आहे, त्यांना अडवायला तिथे खांब आणि लोखंड पुरायचंय म्हणाला. मी काय सांगितलं असेन?"

"असेलही, नसेलही," ओनोरीन म्हणाली.

"तेच. त्याला राग आला. मग मी त्याला चमकणारी वाळू दाखवली. केवढी सपाट, केवढी सुंदर. आम्हा सगळ्यांना जुंपून त्याने दोन महिने तिथे खांब पुरून घेतले. अर्धे आपोआप आत गेले." तिने बहिणीच्या पेल्यात दारू ओतली. "आणि वाटेवर त्याने जेमतेम दोन ओळी लावल्या. सहा तारखेला तळघराच्या जाळीतून बघत होते मी. म्हटलं, आता हे परके लोक सरळ येणार आणि रुतणार. तर पहिली गाडी वळली. अगदी आपल्या घोड्यासारखी. थेट माझ्या धुराड्यावर नाक धरून आली. धाकटे, त्यांना वाट कुणी सांगितली?"

ओनोरीनने कागदावर सही केली होती. तिने नव्या कौलांकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

"मी सांगितली असेल. नसेलही."

लेओन्तीन इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. श्वास आल्यावर म्हणाली, "छप्पर माझं होतं. मला विचारलं असतंस तर मीही तेच म्हणाले असते." वॉल्टरला यातलं अक्षर कळलं नाही. आपल्या गुडघ्यावर हसतायत असं वाटून त्याने टेबलाखाली पाय आवळून घेतले. ते एका अर्थी खरंही होतं.

मग त्याने विचारलं की मनोऱ्याचं काय करायचं ठरलंय. काहीच ठरलं नव्हतं. किनाऱ्यावर एका फुटक्या बोटीची डोलकाठी पडली होती. दुसऱ्या दिवशी वॉल्टरने गावातल्या बंद पडलेल्या भट्टीत कोळसे पेटवले आणि तीन लोखंडी कडी ठोकून काढली. चौघांनी डोलकाठी वर नेली, मनोऱ्याच्या बुंध्यावर उभी केली आणि कड्यांनी आवळली. वर कुणीतरी लेओन्तीनचा लाल पेटीकोट बांधला, दुरून दिसावा म्हणून. पाद्रीबाबांनी तो पाहिला न पाहिल्यासारखं केलं.

गुरुवारी सकाळी ओहोटी होती. पहिली गाडी लेओन्तीनची, हाकायला ओनोरीन. जाताना गाडी रिकामी होती. परतताना गाडीच्या तळाशी दोन टोपल्या तिसऱ्या होत्या आणि घोडा नवा होता, दुसऱ्या गावाहून आणलेला, त्याला काही ठाऊक नव्हतं. ओनोरीनने लगाम आखडून धरला. नव्या लाल छपराचं धुराडं आलं. त्याच्यामागे काठी आली, हळूहळू सरकत, आणि धुराड्यावर टोपीसारखी बसली. तिने लगाम सैल सोडला आणि टाळूला जीभ वाजवून घोड्याला इशारा केला.

त्या वर्षीच्या नाताळात ऑक्सफर्डहून फोटो परत आला. पाठीवर एक क्रमांक, आणि पुढे वॉल्टरच्या गुडघ्यावरून गेलेली एक बारीक पेन्सिलीची रेघ. वॉल्टर ती खोडायला निघाला होता. ओनोरीनने खोडू दिली नाही. पुढे कुणी विचारलं की ही रेघ कसली, तर ती काय सांगायची ते स्टोकहेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे.